खुबा दुखतोय आणि स्पर्धा अकरा आठवड्यांवर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. इशाच्या नमाजात अत्तहियातला बसले आणि उजव्या कमरेच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली, की सलाम फेरून उठताना शेजारच्या पलंगाचा आधार घ्यावा लागला. माझे वय ४३. सांगलीत एका शाळेत गणित शिकवते. त्या रात्रीपासून अकरा आठवड्यांनी मला राज्य पातळीवरच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत, चाळिशीपुढच्या महिलांच्या गटात उतरायचे होते. प्रवेश फी भरून झाली होती.

शेवटची दोन वाक्ये वाचून काही भगिनींच्या भुवया वर गेल्या असतील. चार वर्षांपूर्वी मला कोणी हे सांगितले असते तर माझ्याही गेल्या असत्या. म्हणून आधी थोडे मागचे सांगते.

आमच्या सासूबाई, ज्यांना घरात सगळेच अम्मी म्हणतात, वयाच्या ६७ व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. पडणे साधेच होते, पण खुब्याचे हाड मोडले. मिरजेला ऑपरेशन झाले, हाड जुळले, तरी अम्मी पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. तीन महिने त्यांना उठवणे-बसवणे माझ्याकडे होते आणि त्या तीन महिन्यांत माझ्या लक्षात आले की माझ्यातच त्यांना उचलायची ताकद नाही. मग त्या वयाला पोचल्यावर माझे काय? त्याच सुमारास एक अभ्यास वाचनात आला. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने हाडे विरळ झालेल्या, ५८ वर्षांपुढच्या १०१ महिलांचे दोन गट केले. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली जड वजने उचलली. दुसऱ्याने घरी हलका व्यायाम केला. वजने उचलणाऱ्यांच्या मणक्यांची घनता वाढली आणि खुब्याच्या हाडाची टिकून राहिली, हलक्या व्यायामाच्या गटात दोन्ही घटल्या. २०१८ साली हे निष्कर्ष छापून आले. मी गणिताची बाई. आकडे पटले आणि घराजवळच्या जिममध्ये दुपारी महिलांसाठी राखीव वेळ होती, तिथे नाव घातले.

पॉवरलिफ्टिंग म्हणजे तीनच प्रकार. खांद्यांवर बार घेऊन बसून उठायचे तो स्क्वॉट. बाकावर उताणे झोपून बार छातीला टेकवून वर ढकलायचा तो बेंच प्रेस. जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहायचे तो डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि तिन्हींतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज हा तुमचा निकाल. ऑलिम्पिकमध्ये दिसते ते वजन डोक्यावर नेण्याचे वेटलिफ्टिंग, ते वेगळे. तिथे चपळाई फार लागते. आमच्यात संथपणा चालतो, आणि चाळिशीनंतर तेवढाच हाताशी असतो.

तर त्या रात्री कळ आली तेव्हा अम्मी समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, “कमर में चमक भर गई क्या?” मी म्हटले, काही नाही अम्मी, थंडीने आखडले असेल. पण त्यांची नजर माझ्या हाताकडे होती आणि हात खुब्यावर होता. ज्या बाईचा खुबा मोडलेला आहे तिला खोटे सांगून पचत नाही.

दोन आठवडे चुकीची मेहनत

पहिले दोन दिवस तेल लावून चोळले. मग मोबाइलवर बघून ताण द्यायला सुरुवात केली. उताणे झोपून उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायचा आणि पाय छातीकडे ओढायचा. करताना बरे वाटायचे म्हणून दिवसातून तीनदा करू लागले. जिममध्ये रबरी पट्टा गुडघ्यांभोवती अडकवून खेकड्यासारखे आडवे चालण्याचा व्यायाम वाढवला, ‘कमरेचे स्नायू जागे करायला’. एक पाय पुढे टाकून खाली बसण्याचे लंज तर आधीपासून चालूच होते. दुखणे वाढतच गेले. उजव्या कुशीवर झोपायची लहानपणापासूनची सवय, ती सुटली. डाव्या कुशीवर वळले तरी पहाटे तीनला जाग यायची.

मग एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. एक्स-रे काढला, सांधा चांगला निघाला. त्यांनी मान वर न करता सांगितले, “या वयात वजने कशाला उचलता? बंद करा. फार दुखले तर इंजेक्शन देऊ.” तपासणीचे टेबल खोलीत होते, पण त्यावर झोपायला त्यांनी सांगितले नाही. घरी आले तर मुलांचे अब्बा तेच म्हणाले, आवाज मऊ ठेवून. अम्मी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे मला जास्त लागले.

सोडून द्यावे असे दोन दिवस खरेच वाटले. मग आमच्या जिमच्या सरांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता दिला. त्या खेळाडूंची दुखणी पाहतात.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “एका बोटाने दाखवा, नेमके कुठे?” हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आपल्याकडे बरगडीच्या खालून मांडीच्या वरपर्यंत सगळ्याला कंबरच म्हणतात. कंबर दुखते म्हटले की मणका, खुबा, कुल्ला, जांघ, सगळे त्यात आले, आणि उपाय सगळ्यांना एकच, तेल आणि शेक. मी बोट ठेवले ते मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरचा उंचवटा हाताला लागतो तिथे. त्यांनी तिथे दाबले, मी ओरडले. मग उजव्या पायावर तीस सेकंद उभे राहायला सांगितले. पंधराव्या सेकंदाला तीच कळ.

त्यांनी समजावले ते असे. कुल्ल्याचे मधले आणि लहान स्नायू जाड दोरीसारख्या कंडऱ्यांनी त्या उंचवट्याला बांधलेले असतात. एका पायावर उभे राहताना कमरेचा तराजू समतल ठेवणे हे त्यांचे काम. ताण एकदम वाढला की कंडरा चिडते. पाय शरीराच्या मध्यरेषेकडे किंवा त्याच्या पलीकडे गेला की ती हाडावर दाबली जाते, आणि चिडलेल्या कंडऱ्याला हा दाब मुळीच सोसत नाही. चाळिशी ते साठीच्या महिलांत हे दुखणे फार आढळते, वजने उचलणाऱ्या आणि न उचलणाऱ्या दोघींमध्ये.

म्हणजे पाय ओढून दिवसातून तीनदा मी जो ताण देत होते, तो कंडऱ्याला दिवसातून तीनदा हाडावर घासत होता. डाव्या कुशीवर झोपल्यावर वरचा उजवा पाय पुढे लोंबकळायचा, तेव्हाही तेच. आणि नमाजात आपण बायका बसतो ते डाव्या कुल्ह्यावर, दोन्ही पाय उजवीकडे काढून. तसे बसताना उजवी मांडी आत ओढली जाते. कळ नेमकी तिथेच का आली याचे कोडे तिथे सुटले.

इंजेक्शनचे विचारले तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियातल्याच आणखी एका अभ्यासाचा हवाला दिला. हाच आजार असलेले ३५ ते ७० वयाचे २०४ रुग्ण, त्यांत बहुतेक महिला. एका गटाला समजावणी आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टिरॉइडचे इंजेक्शन, तिसऱ्याला नुसते थांबून पाहणे. आठ आठवड्यांनी बरे वाटते म्हणणारे पहिल्या गटात शंभरात सुमारे ७७, दुसऱ्यात ५८, तिसऱ्यात २९. वर्षानंतरही पहिला गट इंजेक्शनवाल्यांच्या पुढेच होता. माझ्या बाबतीत आणखी एक अडचण होती. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांप्रमाणे जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात स्टिरॉइडचे कुठलेही इंजेक्शन बंद आहे, सांध्यात किंवा कंडऱ्याजवळ दिलेलेसुद्धा. डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने औषध घेण्यापूर्वी स्वतःच सांगायला हवे.

“मग वजने बंद?” मी विचारले.

“बंद केलीत तर कंडरा आणखी कमजोर होईल, मॅडम. कमी करायची आणि बदलायची. अकरा आठवडे आहेत ना?”

“नऊ उरले.”

“बरे, नऊ.”

वहीचे पान

ताण देणे त्याच दिवशी थांबवले. लंज आणि खेकडाचाल बंद. झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी, म्हणजे वरचा पाय खाली पडत नाही. खुर्चीवर पायावर पाय टाकायचा नाही. फळ्यासमोर उभे राहताना सगळा भार एका पायावर सोडून कंबर बाजूला काढायची माझी जुनी सवय आहे, तीही बंद. हे शेवटचे सर्वांत अवघड गेले. आठवीच्या मुलींना मी सांगून ठेवले होते, बाई वाकड्या उभ्या दिसल्या की आठवण करा. त्यांनी ते काम फार मनापासून केले.

व्यायाम साधे होते. दोन पायांत खांद्यांइतके अंतर ठेवून उभे राहायचे आणि पाय न हलवता, पायाखालचे जाजम दोन्हीकडे फाडायचे आहे असा जोर तळव्यांनी बाहेर लावायचा. वीस-तीस सेकंद, चार-पाच वेळा. उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, आधी दोन पायांवर, तीन आठवड्यांनी एका पायावर.

खरी काटछाट स्क्वॉटमध्ये झाली. माझी तोवरची सर्वोत्तम उचल ८२.५ किलोची आणि स्पर्धेत ९० करायचे ठरले होते. बाईंनी मागून व्हिडिओ काढायला सांगितला. मुलगी दुपारी जिममध्ये आली आणि तिने काढला. ७० किलोपर्यंत सगळे ठीक. त्यापुढे वर येताना उजवा गुडघा आत पडत होता. गुडघा आत म्हणजे मांडी आत, म्हणजे पुन्हा तोच दाब, आता खांद्यावर ७५ किलो घेऊन. मी वर्षभर हे करत होते आणि समोरच्या आरशात ते मला कधी दिसले नव्हते.

वजन ५० किलोवर आणले. आठवड्यातले तीन दिवस दोनवर. पावलांतले अंतर थोडे वाढवले, पंजे जरा बाहेर वळवले. खाली जाताना मनात तीन आकडे मोजायचे. पहिले दोन आठवडे मागे लाकडी ठोकळा ठेवून त्याला टेकले की उठायचे, मग ठोकळा काढला. डेडलिफ्टला खुबा फारसा कुरकुरत नव्हता, त्यामुळे तो जवळजवळ पूर्वीसारखाच ठेवला. बेंचचा खुब्याशी संबंध थोडाच. तिथे मी सगळा राग काढला.

दुखणे किती चालवून घ्यायचे? बाईंनी शून्य ते दहाची पट्टी दिली. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारे. उचलताना तीनपर्यंत चालेल. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर. घराच्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. त्या चढताना आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढलेला नसेल तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे, वाढला असेल तर कमी करायचे. शाळेच्या एका जुन्या वहीत मी तारीख, वजन, उचलतानाचा आकडा आणि सकाळच्या जिन्याचा आकडा असे चार रकाने आखले. अम्मी रोज सकाळी विचारायच्या, “आज जिना किती?” म्हणजे त्यांचे मौन संपले होते.

रमजानमध्ये काय घडले

रमजान लागला तेव्हा वही चार-पाच दिवसांची होती. रोज्यात जड वजन उचलायचे नाही, व्यायाम इफ्तारनंतर तासाभराने, आणि तोही कमी, हे आधीच ठरले होते. सरांनी खास त्यासाठी महिलांची वेळ रात्रीची करून दिली. पाणी इफ्तार ते सहेरी मोजून प्यायचे. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. घ्यावीच लागली तर जेवणावर आणि डॉक्टरांना विचारून. पोटाचे अस्तर आणि मूत्रपिंडे यांच्यावर अशा गोळ्या जड जातात, आणि अंगात पाणी कमी असताना जास्तच.

पहिल्या आठवड्यात मी जिममध्ये अगदी थोडे काम केले. तरी जिन्याचा आकडा तीनवरून पाचवर गेला. मला वाटले, संपले. फिजिओ बाईंना वही दाखवली. त्या मुस्लिम नाहीत. त्यांनी सरळ विचारले, “या आठवड्यात जिमशिवाय काय वाढले?”

तरावीह वाढली होती. घरी मी वीस रकात पढते. वीस रकातींत चाळीस सजदे आणि वीस वेळा जमिनीवरून उठणे-बसणे. शिवाय इशाची नमाज वेगळी. लांब कियाममध्ये माझी ती फळ्यासमोरची सवय परत आली होती, भार एका पायावर. दिवसभराच्या थकव्याने लक्षातही आले नाही. आणि दर दोन रकातींनी त्याच कुशीवर बसणे. खुब्याच्या हिशेबात तोही भारच, जिमच्या वहीत मात्र त्याला रकाना नव्हता. मी पाचवा रकाना आखला.

तरावीह सोडायचा विचार मनात आला नाही, आणि बाईंनीही तसे सुचवले नाही. आजाऱ्याला बसण्याची पद्धत बदलण्याची मुभा आहे हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असते, पण चाळिशीतल्या धडधाकट बाईला स्वतःला आजारी म्हणवून घ्यायची लाज वाटते. मुलांच्या अब्बांनी मशिदीतल्या मौलाना साहेबांना विचारून घेतले. जसे बसल्याने त्रास होत नाही तसे बसावे, असे त्यांनी सांगितले. मी घडी घातलेली लहान चादर डाव्या कुल्ह्याखाली घेऊ लागले. त्याने कंबर थोडी उंच राहते आणि उजवी मांडी तितकी आत ओढली जात नाही. दुखणे फार वाढलेल्या तीन रात्री खुर्चीवर बसून पढले. पाय एकमेकांपासून थोडे दूर, भार दोन्हींवर सारखा, हे दर रकातीला आठवू लागले. आणि ज्या रात्री जिम, त्या रात्री तरावीह आधी, मध्ये आराम, मग थोडेच वजन.

दहाव्या-बाराव्या रोज्यापर्यंत आकडा पुन्हा तीनवर आला. ईदच्या दिवशी दोन होता. ईदच्या दिवशी दिवसभर स्वयंपाकघरात उभी होते, तरी दोन.

प्रत्येक खुबा सारखा नसतो

एवढे वाचून कोणी माझेच व्यायाम करू लागू नये. आमच्याच जिममध्ये बी.कॉम.ला असलेला एक मुलगा आहे. त्याचेही ‘कंबर’ दुखते, पण तो दाखवतो ते जांघेत, पुढच्या बाजूला. खुब्याभोवती अंगठा आणि बोटे इंग्रजी सी अक्षरासारखी धरून. खोल बसले की तिथे चिमटा बसल्यासारखे होते. हे बहुतेकदा सांध्याच्या आतले असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा किंवा त्याची वाटी यांचा आकार जरा वेगळा असला की खोल वाकताना दोन्ही एकमेकांना टेकतात. असा आकार एक्स-रेमध्ये पुष्कळ न दुखणाऱ्या माणसांतही दिसतो. म्हणून इंग्लंडमध्ये वॉरिक येथे २०१६ साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी ठरवले की तक्रार, तपासणी आणि चित्र या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच हे निदान करावे. एका एक्स-रेवर घाबरून जाऊ नये. त्या मुलाला सरांनी पावले रुंद करायला लावली, पंजे बाहेर वळवायला सांगितले आणि पंचांना मान्य होईल तेवढेच खाली, त्याखाली नाही, असे बजावले. पूर्वी तो हौसेने पार टाचांना टेकेपर्यंत बसायचा. आता बरा आहे.

दुखणे मागे, बसण्याच्या हाडापाशी असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा किंवा थेट मणका तपासावा लागतो. आणि काही गोष्टींत वही वगैरे काही नाही, लगेच दवाखाना. पडल्यानंतर पायावर भार देता न येणे. ताप आणि खुबादुखी एकत्र. आराम करूनही न थांबणारी रात्रीची वेदना. जांघेत खोल दुखणे, चालताना वाढणारे, विशेषतः हाडे विरळ असलेल्या किंवा फार कमी खाणाऱ्या मुली-महिलांत, कारण खुब्याच्या हाडाला बारीक चीर असू शकते. दम्यासाठी किंवा इतर आजारासाठी बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्यांनी खुबादुखी अंगावर काढू नये, माथ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर होणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, ही तर त्याच तासाला धावण्याची गोष्ट.

स्पर्धा

ईदनंतर सुमारे चार आठवडे मिळाले. ५० चे ५५, ६०, ६५. एका आठवड्यात ७० वर गेले, जिना चार झाला, परत ६५. मग ७०, ७२.५. गुडघा आता आत पडत नव्हता, मुलगी दर आठवड्याला व्हिडिओ काढून बघायची आणि शिक्षिकेच्या मुलीला शोभेल अशा निष्ठुरपणे चुका सांगायची. ९० चे स्वप्न मी स्वतःच खोडले. वहीत ते खोडलेले अजून दिसते.

कपड्यांविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. २०११ साली पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन वेटलिफ्टर कुलसूम अब्दुल्ला यांनी दाद मागितल्यावर आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने अंगभर घट्ट पोशाखाला परवानगी दिली. आमच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये केरळच्या मजिझिया भानू, शिक्षणाने दंतवैद्य, हिजाब घालून देशात आणि परदेशांत खेळल्या आहेत. मी आयोजकांना महिनाभर आधी लेखी विचारले. पूर्ण बाह्या, पूर्ण लांबीची पँट, वर स्पर्धेचा पोशाख, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ. अट एकच, कापड अंगालगत हवे, कारण मांडीचा खुब्याजवळचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्याखाली गेला की नाही हे पंचांना दिसावे लागते. ढगळ कपड्यात ते दिसत नाही आणि उचल बाद होते. ज्यांना हे जमणार नाही असे वाटते त्यांनी जिममध्ये ढगळ कपड्यांत खुशाल उचलावे, स्पर्धा काही फर्ज नाही.

स्पर्धेच्या सकाळी दोन तास आधी वजन घेतले, ६८ किलो आणि काही ग्रॅम. ६९ च्या गटात आम्ही पाच जणी होतो. स्क्वॉट पहिला असतो, म्हणजे माझी परीक्षाही पहिलीच. तिन्ही उचली बाद झाल्या तर बेरीजच होत नाही, बाकी दिवस वाया. म्हणून सुरुवात ७२.५ वर, जिममध्ये दुखल्याशिवाय झालेल्या वजनावर. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. दुसरी ७७.५. वर येताना मध्येच क्षणभर अडकले, मग उठले. दोन पांढरे, एक लाल. दोन पुरतात.

बार रॅकवर ठेवून बाहेर आले तर खुब्यात चार होता. मिनिटभरात तिसऱ्या उचलीचा आकडा सांगायचा असतो. सर म्हणाले, “८२.५ टाकू? आत्ता अंगात आहे.” होतेही. माझ्या जुन्या सर्वोत्तमाची बरोबरी झाली असती. प्रेक्षकांत मुलीशेजारी अम्मी बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी ठेवून. साडेतीन तासांचा प्रवास करून आल्या होत्या आणि खुर्चीवर उशी घेतली होती.

मी तिसरी उचल सोडली. सरांचा चेहरा पडला, माझाही पडला असणार.

बेंचमध्ये ४० आणि ४२.५ झाले, ४५ अर्ध्यावर थांबले. दुपारी डेडलिफ्ट. १००, मग १०७.५. खुबा शांत होता, सकाळचा चार दोनवर आला होता. तिसऱ्याला ११२.५ मागितले. इतके मी जिममध्येही कधी उचलले नव्हते. बार जमिनीवरून सुटायला इतका वेळ घेत होता की मी मनात दुरूद पढत होते आणि तो संपेपर्यंत बार गुडघ्यांवर आला. मुख्य पंचांचा हात खाली आला तेव्हा तिन्ही दिवे पांढरे होते. बेरीज २३२.५. पाच जणींत चौथी.

गाडीत अम्मींनी विचारले, सकाळी तिसऱ्यांदा का नाही गेलीस? मी सांगितले, चार होता. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मला खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवतील का तुझ्या त्या बाई? फिजिओ बाईंना मी फोन केला आहे. आधी अम्मींना तपासून मगच सांगणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिना तीन होता, तिसऱ्या दिवशी दोन. वहीत पाने उरली आहेत. वजनाचा रकाना आता ५५ किलोपासून परत सुरू केला आहे.